पेटीत जपून ठेवलेले बूट

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडला लागून माझं चप्पल-बूट दुरुस्तीचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी मान वर करायला फुरसत नसते. खेड्यांवरून आलेली माणसं चपला टाकून बाजारात शिरतात आणि परतीच्या गाडीआधी उचलून नेतात. पोळा झाल्यानंतरच्या अशाच एका बाजारात एक कास्तकार आणि त्याची लेक समोर येऊन उभे राहिले. मुलीनं हातातली पिशवी पाटावर उपडी केली. आतून निळे स्पोर्ट बूट पडले. वरचा भाग कोरा करकरीत, लेसवर घडीसुद्धा नाही. आणि त्यांच्या मागोमाग ओल्या बिस्किटासारखा भुगा.

"भाऊ, एकडाव बी घातले नाही पाहा," बाप म्हणाला. "मोठ्या पोरासाठी घेतले व्हते. तो पुण्याले कंपनीत लागला, बूट राह्यले. पेटीत जपून ठेवले. आज सकाळी हिनं पळाले घातले, तं तळच गळून पडला. फसोलं ना आमाले दुकानदारानं?"

मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. मुलींना ८०० मीटर धावावं लागतं आणि मैदानी परीक्षेच्या ५० पैकी २० गुण त्या धावण्याला असतात. भावाचे बूट एक नंबर मोठे, पण जास्तीचा सुकतळा टाकून चालतील असा तिचा हिशेब. भुग्याकडे बघताना तिचा चेहरा पार उतरला होता.

तळ तुटलेले बूट तर रोजच येतात. पण न घातलेले बूट असे विरघळलेले मी पहिल्यांदाच हातात घेत होतो. कारण मात्र मला माहीत होतं, प्रशिक्षण घेतलं तेव्हा शिकवलं होतं. हलक्या, मऊ तळव्यांत बऱ्याचदा पॉलियुरेथेन नावाचा फोम असतो. हवेतली ओल त्यात हळूहळू मुरते आणि आतले जोड तोडत जाते. उष्णतेनं हे काम आणखी झपाट्यानं होतं. आता आपल्याकडचं बघा. टिनाचं घर, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर, मग चार महिने पावसाची दमट हवा आणि बूट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून बंद. आत गेलेल्या ओलीला बाहेर पडायला वाटच नाही. शिवाय रोज पायात असलेल्या बुटाचा तळ पिचकू लागला की तो आपल्याला दिसतो, पेटीतला बूट कोण बघतो?

बापाला म्हटलं, "दादा, दुकानदारानं फसवलं नाही. तुम्ही जपलं, पण पिशवीनं घात केला."

तो फेकूनच द्या म्हणत होता. मी नाही म्हटलं. वरचं कापड, शिलाई, टाचेचा कडकपणा, सगळं शाबूत होतं. अशा बुटाला कचऱ्यात टाकणं माझ्या जिवावर येतं.

पहिलं काम म्हणजे भुगा मुळापासून काढणं. भुग्यावर लावलेलं सोल्युशन भुग्यालाच चिकटतं आणि तळ दोन दिवसांत पुन्हा हातात येतो. रांपीनं खरवडलं, पॉलिश पेपर मारला, थिनरनं पुसलं. एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची शीट मापानं कापली. कुष्ठरुग्णांना सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या चपला याच रबराच्या असतात, बधिर पायांना बोचू नये म्हणून. त्याखाली झिजेसाठी कडक रबर. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावलं आणि वाळू दिलं. घरी चिकटवणारे नेमके इथेच घाई करतात. ओल्यावर ओलं दाबलं की जोड कच्चा राहतो. बोट लावलं तर चिकट वाटावं, पण तार येऊ नये, तेव्हा जोडायचं, आणि पहिल्या फटक्यात सरळ, कारण मग ते सरकवता येत नाही.

सोल्युशन वाळेपर्यंत वेळ होता. मुलीच्या पायात रोजचे कॅनव्हासचे बूट होते. मूळचे पांढरे, आता पिवळे, काठाला काळी माती, करंगळीपाशी भोक. मी म्हटलं, "हे तर तू घरीच नवे करशील."

"कसे काका?"

आपली काळी माती ओली असताना घासली तर ती कापडाच्या विणीत आणखी आत जाते. म्हणून आधी पूर्ण वाळू द्यायची, मग कोरड्या ब्रशनं झटकायची. नंतर साबण, आणि साबण निघेपर्यंत भरपूर पाणी. कापडात राहिलेला साबणच पुढे पिवळा डाग देतो. शेवटच्या पाण्यात निळीचे दोन थेंब, त्यानं पिवळटपणा झाकला जातो. आत रद्दी कोंबून सावलीत वाळवायचं. रबरी काठाला जुन्या टूथब्रशनं साधी पांढरी टूथपेस्ट. भोकाला जुन्या जीन्सचा तुकडा आतून लावायचा, आणि तरीही डाग उरला तर त्यावर फॅब्रिक कलरनं हवं ते काढायचं. रंग नीट वाळल्यावरही दोन-तीन दिवस पाणी लावायचं नाही.

लेसची टोकं सुटली होती. मी मेणबत्ती पुढे केली. तिनं टोक ज्योतीजवळ धरलं, नायलॉन वितळलं तसं ओल्या चिंधीत दाबून पीळ दिला. दुसरं टोक तिनं न सांगता केलं. मग निळ्या बुटाचा दुसरा तळ मी तिलाच जोडायला दिला. तिनं टाचेपासून सुरुवात केली, पुढे बोटांपर्यंत अंगठ्यानं दाबत नेलं, आणि तो सरळ बसला. वरून हातोडी आणि काठानं आरीची शिलाई मी मारली.

बूट देताना स्पष्ट सांगितलं, आजची रात्र वजनाखाली ठेव, आणि हे घालून डांबरावर पळू नको. मी बसवलेला तळ सपाट आहे. पळण्याच्या बुटाला टाचेखाली जो उतार आणि उसळी असते, ती माझ्या हातून येत नाही. हे कॉलेजला, बाजाराला वापर. धावायला नवे घे, भरतीच्या आधीच घे, पायाला सवय होऊ दे. तिनं मान डोलावली. बापानं पैसे किती विचारले, मी शीटचे तेवढे घेतले.

तो जाता जाता थांबला. "माह्या लग्नातले चामड्याचे बूट हायेत त्याच पेटीत. तेबी गेले असतीन?"

"चामडं असं चुरत नाही. बुरशी असेल. आज घरी गेल्याबरोबर पिशवीतून बाहेर काढा."

पुढच्या बाजाराला तो ते घेऊन आला. वर पांढरी बुरशी होती, शिलाई एका जागी सुटलेली. कोरड्या कापडानं पुसून सावलीत वारा दिला, पॉलिश चढवलं, सुटलेली शिलाई मारली. त्यानं दुकानातच पायात घातले आणि चपला पिशवीत टाकल्या.