मोबाईल बंद ठेवू का? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, आज रात्री सौर वादळ येणार आहे म्हणे. मोबाईल बंद ठेवू का?"

हा प्रश्न मला सोसायटीच्या ग्रुपवर येतो, मंडईत भाजी घेताना येतो, आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढणाऱ्या मुलाने विचारला होता. कारण एवढंच, की मी हॅम रेडिओवाली आहे, म्हणजे परवाना घेऊन हौसेखातर रेडिओवरून जगभर बोलणारी. कोथरूडमधल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत माझी एक तांब्याची तार ताणलेली असते. त्यामुळे आकाशात काही खुट्ट झालं की हिला कळत असणार, असा सगळ्यांचा समज आहे. सगळं कळत नाही, पण सूर्याच्या बाबतीत थोडंफार खरंच कळतं.

तर उत्तर असं: नका ठेवू. ठेवायचाच असेल तर झोप चांगली लागावी म्हणून ठेवा.

हा प्रश्न ज्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डमुळे येतो, त्यात बहुतेक वेळा रात्री साडेबारा ते साडेतीन अशी वेळ दिलेली असते, कुठल्यातरी किरणांचं नाव असतं, आणि खाली 'नासा'. सौर ज्वाला म्हणजे सूर्यावरच्या डागांभोवती पीळ पडलेलं चुंबकीय क्षेत्र एकाएकी मोकळं होऊन फेकली गेलेली ऊर्जा. त्यातले क्ष-किरण प्रकाशाच्या वेगानेच येतात, म्हणजे सव्वाआठ मिनिटांत इथे. ज्वाला दिसली तेव्हा ती पोचलेलीच असते. सकाळी फॉरवर्ड करून रात्रीसाठी सावध करण्याची सोय त्यात नाही. आणि रात्री साडेबाराला पुण्याला सूर्यापासून आडोसा कुणाचा असतो? अख्ख्या पृथ्वीचा. दिवसासुद्धा हे क्ष-किरण वरच्या विरळ हवेतच शोषले जातात. तुमच्या हातातल्या फोनपर्यंत किंवा तुमच्यापर्यंत ते येतच नाहीत.

मग त्यांचं होतं काय? इथे माझी तार कामाला येते. आम्ही ज्या शॉर्टवेव्हवर बोलतो, त्या लहरी वर आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरात जाऊन, तिथून वळून दूरवर उतरतात. त्या थराच्या खाली, साधारण साठ ते नव्वद किलोमीटरवर, दिवसाउजेडी एक पातळ थर तयार होतो, त्याला डी थर म्हणतात. एरवी तो थोडासा त्रास देतो. ज्वालेचे क्ष-किरण आले की तो इतका दाट होतो की आमच्या लहरी वर पोचण्याआधीच गिळून टाकतो.

ऐकायला ते कसं लागतं सांगते. सकाळचे अकरा वाजलेत, एकवीस मेगाहर्ट्झवर जपानी स्टेशनं एकावर एक चढून बोलताहेत, मागे नेहमीची खरखर आहे. मग एकेक आवाज बारीक होत जातो. मिनिटा-दोन मिनिटांत माणसं गेली. पाठोपाठ खरखरसुद्धा उतरते, कारण तीही बरीचशी दुरूनच आलेली असते. रेडिओच्या स्क्रीनवर सिग्नल दाखवणाऱ्या पिवळ्या रेघांचा धबधबा चाललेला असतो, तो सपाट निळा पडतो. नवखा हॅम अशा वेळी हमखास गच्चीवर धावतो, तार तुटली की माकडाने ओढली ते बघायला. मुरलेला हॅम चहा टाकतो. खालचे बँड, म्हणजे कमी मेगाहर्ट्झचे, आधी मरतात आणि सगळ्यात शेवटी जिवंत होतात, वरचे लवकर उठतात. ज्वाला मोठी असेल तर तासभर तरी जातो.

या ज्वालांची प्रतवारी क्ष-किरणांवरून होते: सी, त्याच्या दसपट एम, त्याच्या दसपट एक्स. 6 सप्टेंबर 2017 ला एक्स 9.3 ची ज्वाला उठली. आपल्याकडे आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी झालेली, गाव मिरवणुकीचा शीण काढत होतं. तिकडे कॅरिबियन बेटांवर त्याच दिवशी इर्मा चक्रीवादळ आदळत होतं, आणि वादळाच्या खबरा पोचवणाऱ्या हॅम मंडळींचे शॉर्टवेव्ह बँड नेमके तेव्हाच बंद पडले. सौर ज्वालेचा माणसाला थेट त्रास कसा होतो, याचं माझ्या मते यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. कुणाच्या अंगाला काही झालं नाही, पण मदतीची हाक अडकली. समुद्रावरच्या विमानांचं शॉर्टवेव्ह बोलणंही असंच अडतं.

ही झाली ज्वाला. तुम्ही 'सौर वादळ' म्हणता तेव्हा बहुतेक वेळा दुसरीच गोष्ट मनात असते. ज्वालेबरोबर पुष्कळदा, नेहमीच नव्हे, सूर्य अब्जावधी टन तप्त प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, आणि त्यात गुंतलेलं चुंबकीय क्षेत्र बाहेर फेकतो. याला सीएमई म्हणतात. त्याला पंधरा कोटी किलोमीटर यायला एक ते तीन दिवस लागतात, फारच वेगवान असेल तर अठरा तासांच्या आत. तो आला की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हेलकावे खातं, आणि हलत्या चुंबकीय क्षेत्रात लांब तार असेल तर तिच्यात प्रवाह उभा राहतो. फॅरडेचा नियम, शाळेतलाच. इथे 'लांब' म्हणजे शेकडो किलोमीटर. तुमच्या फोनमधल्या तारा बोटभरसुद्धा नाहीत. 13 मार्च 1989 ला कॅनडातल्या क्वेबेकची सगळी ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, दीड मिनिटात कोसळली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. ट्रान्सफॉर्मर बनवलेला असतो उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहासाठी. त्यात हा जवळपास एकाच दिशेचा आगंतुक प्रवाह घुसला की गाभा चुंबकत्वाने भरून जातो आणि पुढचं सगळं बिघडतं.

यातलं सगळ्यात मोठं नोंदलेलं वादळ 1859 च्या सप्टेंबरातलं. 1 तारखेला इंग्लंडमध्ये खगोलनिरीक्षक रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याच्या प्रतिमेवरून डाग रेखाटत बसला होता, त्याला डागांच्या मध्ये पांढरा लखलखाट दिसला. सतराएक तासांनी वादळ आलं. अमेरिकेत बॉस्टन ते पोर्टलंड तारवाल्यांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि आकाशातून आलेल्या प्रवाहावर संदेश पाठवले. हे सगळीकडे छापलेलं असतं. कमी लोकांना माहीत असतं ते असं, की या वादळाची फार मोलाची नोंद आपल्या मुंबईत कुलाबा वेधशाळेत झाली. लंडनकडच्या यंत्रांच्या रेघा कागदाबाहेर गेल्या. कुलाब्यात डोळ्यांनी आकडे वाचून वहीत लिहीत होते म्हणून चुंबकीय क्षेत्रातली सुमारे 1600 नॅनोटेस्लाची (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) पडझड टिपली गेली. आजही अभ्यासक तोच आकडा काढतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने यंत्रं बिघडणार, म्हणून ही मोजणी 1904 मध्ये अलिबागला हलवली. सुट्टीत समुद्रकिनाऱ्याला जाता तेव्हा त्या वेधशाळेच्या जवळून जाता तुम्ही.

अगदी अलीकडचं मोठं वादळ 10 मे 2024 चं. अक्षय तृतीया होती. त्या आठवड्यात सूर्यावरचा डागांचा पुंजका पृथ्वीच्या पंधरापट रुंद होता. ग्रहणाचा चष्मा लावून गच्चीवरून सहज दिसायचा, मी शेजारच्या पोरांना रांगेत उभं करून दाखवला. रात्री लडाखमध्ये हानले इथून लाल ध्रुवीय प्रकाशाचे फोटो निघाले. "पुण्यातून का नाही दिसला?" हा प्रश्न मग आठवडाभर झेलला. आपण विषुववृत्ताच्या फार जवळ आहोत हो. जे दृश्य हुकतं, त्याच कारणाने ग्रिडवरचा ताणही कॅनडा-स्वीडनपेक्षा बराच कमी राहतो. सौदा वाईट नाही. त्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर अडले. बाकी तुमचा नकाशा शनिवार पेठेऐवजी नारायण पेठेत नेतो ते रोजचंच आहे, त्याला सूर्य लागत नाही.

काळजी करायचीच असेल तर उपग्रहांची करा. फेब्रुवारी 2022 मध्ये एका मध्यम वादळाने वरची हवा तापून फुगली आणि इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले 49 पैकी 40 च्या आसपास उपग्रह घर्षणाने खाली आले. म्हणून तर सूर्यावर नजर ठेवणारं इस्रोचं आदित्य एल-1 यान आहे. पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला, जानेवारी 2024 पासून. त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण आपल्या गणेशखिंडीतल्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेने बनवली, हे मी पुणेकरांना जरा जास्तच वेळा सांगते. पण सीएमईच्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, हे सीएमई आदित्यपाशी पोचल्यावरच नक्की कळतं. दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळून वादळ पेटतं, नाहीतर पुष्कळदा नुसतीच हूल. तिथून इथे यायला अर्धा-पाऊण तास. वेधशाळा, वीजवाले आणि विमानवाले यांच्या हातात पक्की सूचना असते ती एवढीच.

आणि हो, उन्हाळ्याचंही विचारता ना? डागांच्या अकरा वर्षांच्या चक्रात सूर्याचं एकूण तेज हजारात एक भागाएवढं बदलतं. एप्रिलात पारा चाळिशीपार जातो त्याला सौर ज्वाला जबाबदार नाहीत. आमच्या गल्लीतली चिंचेची दोन झाडं रस्तारुंदीत गेली, तेव्हापासून दुपारी माझी गच्ची जास्त तापते, एवढं मात्र तारेला हात लावून सांगू शकते.