आमची वाटचाल: बायोटाकी, लेव्हल पाईप आणि ॲसिडची बाटली

२०१४ साली स्वच्छ भारत अभियान आलं आणि नवी मुंबईत दिघा, तुर्भे स्टोअर्सकडे बायोटाकीवाले कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले. बायोटाकी म्हणजे संडासातला मैला जिवाणूंकरवी कुजवून त्याचं पाणी आणि गॅस करणारी बंद टाकी. आम्ही त्याआधीपासून प्लंबिंगात. डोंगरउतारावर खाली कातळ, तिथे शोषखड्ड्यात सांडपाणी मुरत नाही. कळव्याला खाडीकाठी थोडं खणलं की पाणी. सेप्टिक टाकी बांधावी, तर तीन फुटी बोळात उपसा गाडी शिरणार कुठून? म्हणून बायोटाकी.

एका शेजारच्या धंदेवाल्याने निम्म्या भावात टाक्या टाकल्या. जिवाणूंच्या जागी शेणकाला. आम्ही टाकीचा तिसरा हिस्सा जिवाणूंच्या पाण्याने भरतो. आत येणारा आणि बाहेर जाणारा पाईप त्याने एकाच लेव्हलला ठेवले. जाणारा दोन इंच खाली हवा. हवा वर सोडणारा व्हेंट पाईप तर नाहीच. हवेला वाट नसली की बादली ओतताच पी-ट्रॅपमधलं, म्हणजे भांड्याखालच्या वाकड्या पाईपमधलं वास अडवणारं पाणी ओढलं जातं आणि वास थेट शेगडीपर्यंत. वास आला की बाई ॲसिड ओतणार. ॲसिडने होते नव्हते ते जिवाणू मेले, वास वाढला, पुन्हा ॲसिड! वस्तीभर एकच बोलणं, "घरात गटार आणून ठेवलं." आमच्याही ऑर्डरी गेल्या, ॲडव्हान्स परत करावे लागले, गाळ्याचं भाडं थकलं. त्याचा बोर्ड मात्र अजून झळकतो. असो.

तगलो ते तुर्भ्याच्या एका मावशींमुळे. तीन बाय तीन फुटांचा त्यांचा संडास, टाकी आमची, भिंतीपलीकडे ओटा. शंका घेणाऱ्याला त्या चहाला ओट्यापाशीच बसवत आणि वर चेंबरचं झाकण स्वतः उचलून दाखवत. आमच्या छापील पत्रकांनी एवढं काम कधी केलं नाही.

उतार मोजायला लेझर लेव्हल आमच्याकडे आहे, पण बोळ वळला की तो आंधळा. पाणी भरलेली पारदर्शक नळी, म्हणजे लेव्हल पाईपच खरा. ११० मिमी पाईपला दर चार फुटांना एक इंच उतार. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं, आधी तो काढा.

विचारलं नाहीत तरी सांगतो. व्हेंट पत्र्याच्या दोन फूट वर न्या, नाहीतर शेजारी भांडेल. संडासाचं भांडं ब्रश आणि साध्या पाण्याने घासा. टाकीतून येणारं पाणी शुद्ध असतं असं सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्यात जंतू असतात, ते उघड्यावर न सोडता बंद पाईपनेच पुढे न्यायचं. आणि संडासात झाकणाची बादली ठेवा, सॅनिटरी पॅड टाकीत कुजत नाही.