वाल्ह्याच्या वाटेवरचा टाळकरी

जेजुरीचा भंडारा अंगावर तसाच होता आणि दिंडी वाल्ह्याकडे निघाली. मजल छोटी, त्यामुळे बोलायला सवड. माझ्या शेजारचा टाळकरी पन्नाशीचा, सगळ्या चाली पाठ. "कुठं शिकलात, माउली?" मी विचारलं. "येरवड्याला. बराकीत." तेवढ्यात पुढचा अभंग सुरू झाला, म्हणून बरं, नाहीतर चेहरा कसा ठेवावा ते मला सुचलं नसतं.

बाकीचं तुकड्यातुकड्यानं कळलं. जन्मठेप झालेली. आत एक महाराज कीर्तनाला यायचे. २०२२ साली राज्यातल्या कारागृहांत तुकोबांच्या नावानं भजन-अभंग स्पर्धा झाली, तेव्हा बराकीत जोरात तालीम चाललेली. "त्यानं राग गेला का हो?" "राग कशाचा जातोय? पण तेवढा वेळ डोकं भलतीकडं जात नव्हतं."

एवढंच म्हणणारा माणूस मला खरा वाटला. तुरुंगातल्या सत्संगाबद्दल बाहेरचे लोक फार मोठं बोलतात. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी लिहून घेत, हे आपण कौतुकानं सांगतो. पण ते ऐकणारे बहुतेक सत्याग्रही. सुटल्यावर त्यांना हार पडले. याला गावानं ओळखही दिली नाही. वॉचमनची नोकरी पोलीस पडताळणीपाशी अडली.

मग त्याच महाराजांनी दिंडीत घेतलं. भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाणाची वर्गणी, माफ; बदल्यात राहुट्या ठोकायच्या, ट्रक भरायचा. दिंडीतल्या दोघींनी तक्रार केली. महाराजांनी ऐकून घेतलं, त्याचं अंथरूण ट्रकपाशी हलवलं, पण टाळ काढून घेतला नाही.

वाल्हे हे वाल्मीकींचं गाव मानतात. तळावरच्या कीर्तनात वाल्या कोळी, नारद, पापांच्या खड्यांनी भरलेले रांजण, सगळं रंगात आलं. टाळकरी माझ्या कानाशी म्हणाला, "नारद भेटला, खरंय. पण नंतर त्याला भाड्यानं खोली कुणी दिली, ते काय सांगत न्हाईत."

टाळकऱ्याला खोली मिळाली ती आमच्या विणेकऱ्यांच्या जामिनावर. कामही ठरलंय, आषाढीनंतर दिंडीतल्याच एका आडत्याच्या गाळ्यावर. कागद मागितला नाही, महाराजांचा शब्द पुरला. पगार मात्र पहिले तीन महिने इतर हमालांपेक्षा कमी. दुसऱ्या दिवशी नीरेच्या वाटेवर मी आडत्याला गाठून म्हटलं, हे बरं नाही. "बघू, माउली," म्हणाला आणि पताका सावरत पुढे गेला.