एफ-5 दाबलं आणि खंजिरी हललीच नाही

दिवाळी झाली की आमचा स्टुडिओ सगळ्यात चांगला वाजतो. कारण मागच्या खोलीत कापूस भरलेला असतो. भाव वाढेल या आशेवर वडील तो होळीपर्यंत धरून ठेवतात आणि तोवर त्या खोलीत आवाज अजिबात घुमत नाही. अंगाला खाज सुटते, पण रेकॉर्डिंग असं कोरडं येतं की विचारू नका. कापूस विकला की भिंती पुन्हा बोलायला लागतात, मग मी आईच्या वाकळी खिळ्यांना टांगतो. मे महिन्यात तर कूलर बंद ठेवून काम. बुवा बनियनवर बसून गातात आणि दोन कडव्यांत घामाघूम होतात.

आमचं गाव तिवसा तालुक्यात, मोझरीपासून गाडीवर अर्ध्या तासाच्या आत. धंदा मंडप आणि साउंडचा. लग्नसराई संपली की खंजिरी भजनांची रेकॉर्डिंगं, ऑटोवर फिरवायच्या जाहिराती, ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की प्रचाराची गाणी. हे सगळं एका लॅपटॉपवर, एका मायकावर आणि ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करून जुळवायच्या सॉफ्टवेअरवर. 2012 पासून तेच वापरतो. एक तर फुकट, आणि दुसरं म्हणजे माझ्या बोटांना ते पाठ होतं. ‘होतं’ म्हणतोय, त्याचीच ही गोष्ट.

आमच्याकडे पूर्ण मंडळ एकदम रेकॉर्ड करता येत नाही, तेवढे माइकच नाहीत. आधी बुवांचा आवाज आणि पेटी घ्यायची. मग खंजिरीवाल्या काकांच्या कानाला हेडफोन लावून त्यावर खंजिरी वाजवून घ्यायची, शेवटी टाळ. यात एक अडचण कायमची. काका ऐकतात आणि वाजवतात, ते मायकातून लॅपटॉपमध्ये जाऊन परत येईपर्यंत थोडा उशीर होतो. ऑडॅसिटीत तो भरून काढायला उणे 130 मिलिसेकंदांचा आकडा आधीपासून घातलेला असतो, पण प्रत्येक मशीनचा उशीर वेगळा. माझ्याकडे खंजिरी जरा मागेच राहायची. पेटी 50 मिलिसेकंद मागे राहिली तर एखाद्याला कळणारही नाही, पण खंजिरीची थाप तेवढी चुकली तर गावातलं शेंबडं पोरगंही मान वळवतं.

तो आकडा एकदा नीट बसवला असता तर रोजचं दुखणं गेलं असतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर माझा इलाज एकच होता. एफ-5 दाबायचं, दोन तोंडांचा बाण यायचा, खंजिरी धरायची, केसभर डावीकडे ओढायची. मग एफ-1 दाबून परत निवडायच्या बाणावर यायचं. हे मी हजारो वेळा केलं असेल. शेजारच्या गावातल्या दोन पोरांनाही असंच शिकवलं, तेही फोनवरून. एका पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून तो भिंतीला चिकटवला होता: ‘एफ-1 निवडणे, एफ-5 सरकवणे’.

2022 च्या पावसाळ्यात भाच्याने अमरावतीहून येऊन नवी आवृत्ती टाकून दिली. रात्री रेकॉर्डिंग लागलं. काकांनी वाजवलं, मी एफ-5 दाबलं आणि ओढलं. खंजिरी हललीच नाही. नुसता निळसर पट्टा निवडला गेला. परत दाबलं. काका हेडफोन काढून बघतच राहिले. मला वाटलं की-बोर्डात कापूस गेला.

भाच्याला फोन लावला.

“मामा, ते टूल काढून टाकलं त्यायनं. आता क्लिपच्या डोक्यावर एक पट्टी आहे पाहा, तिले धरून ओढा.”

“अबे, पण काढलं काहून? काय वाईट केलं होतं त्यानं?”

“मले काय इचारता? मी बनवलं काय ते?”

पट्टी खरंच होती. तिच्यावर क्लिपचं, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या तुकड्याचं, नाव लिहिलेलं, बाण तिथे नेला की त्याचा हात होतो. हा बदल ऑक्टोबर 2021 च्या 3.1 आवृत्तीत आला होता. त्याच वर्षी ऑडॅसिटी म्यूझ ग्रुप या कंपनीकडे गेली आणि तिच्या रचनेचं काम मार्टिन कीअरी या माणसाकडे आलं. हा स्वतः संगीतकार. संगीताच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यांची साल काढणारे व्हिडिओ तो करायचा, आणि शेवटी त्याच्याच हातात पाना दिला गेला. आमच्याकडेही मंडपाला नावं ठेवणाऱ्यालाच पुढच्या वर्षी मंडप उभारायला लावतात.

पहिला महिना मी मनातल्या मनात शिव्याच घातल्या. मग एक जुनी गोष्ट आठवली आणि तोंड बंद झालं.

काही वर्षांपूर्वी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या आधीची रात्र. चार भजनं तयार करून द्यायची होती. सगळं जुळवलं, शेवटचं ऐकावं म्हणून मधला तुकडा निवडायला माउस ओढला. पण मी एफ-1 दाबायला विसरलो होतो. तुकडा निवडला गेला नाही, खंजिरी सरकली. डोळ्यांवर झोप, मला दिसलंच नाही. तसंच सेव्ह केलं, पेन ड्राइव्हवर दिलं. सकाळी ऑटोवर भोंगा लावून ते गावभर वाजलं. दहाच्या सुमारास काका दारात.

“काहून बे, माही खंजिरी अशी लंगडत काहून चालून राहिली?”

त्यांचे चाळीस वर्षांचे हात आणि माझी एक न दाबलेली कळ. चूक माझीच होती, नाही म्हणत नाही. पण एकच माउस, एकच ओढणं, आणि कोणती कळ आधी दाबली त्यावर ते निवडणं ठरणार की सरकवणं, ही रचनाच चुकीला आवतण देणारी होती. आता पट्टी धरली तर सरकतं, खालच्या लहरींवर ओढलं तर निवडतं. लक्षात ठेवायला काही नाही. ज्या बदलाला मी शिव्या घालत होतो तो तीन वर्षं आधी आला असता तर काकांसमोर मान खाली घालावी लागली नसती.

नव्याने नवी भानगडही केली म्हणा. क्लिपचं टोक धरून आत ओढलं की नको तो भाग निघून जातो असं मी समजत होतो. तो जात नाही, नुसता झाकला जातो. टोक परत ओढलं की बाहेर येतो. फार कामाची सोय आहे. फक्त मला ती माहीत नव्हती. बुवांनी गाण्याआधी, माइक चालू असताना, मंडळाच्या अध्यक्षांबद्दल दोन शब्द काढले होते. मुद्दा एवढाच की तीन तासांत चहाचा कप नाही. मी टोक ओढून ते ‘कापलं’ आणि अख्खी प्रोजेक्ट फाइल भाच्याला पाठवली. त्याने टोक मागे ओढलं. संध्याकाळपर्यंत तो तुकडा मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होता. पुढच्या रेकॉर्डिंगला अध्यक्ष स्वतः किटली घेऊन आले, जयगुरु म्हणाले आणि बसले. बुवांनी मात्र माझ्याशी पंधरा दिवस अबोला धरला. आता बाहेर द्यायचं तर नुसत्या तयार आवाजाची वेव्ह फाइलच काढून देतो.

घुमाऱ्याचं, म्हणजे आवाज देवळात घुमल्यासारखा करायच्या सोयीचं, तर वेगळंच. आधी घुमारा लावायचा म्हणजे आकडे भरायचे, थोडं ऐकून पाहायचं, लावून टाकायचं. नाही आवडलं तर मागे घ्या, पुन्हा भरा. बुवा दोनदा ऐकून म्हणायचे, “राहू दे आता, चांगलं आहे.” सप्टेंबर 2022 च्या 3.2 आवृत्तीपासून गाणं वाजता वाजता घुमारा कमीजास्त करता येतो. एकट्याने काम करताना याच्यासारखं सुख नाही. पण बुवा शेजारी बसलेले असले की, “अजून थोडा... नाही, जास्त झाला... मघाचा होता तो...” असं रात्री दीडपर्यंत चालतं. मघाचा कुठला ते त्यांनाही सांगता येत नाही. शेवटी मी नुसता बटणावर हात ठेवून फिरवल्यासारखं करतो आणि ते म्हणतात, “हां, आता जमलं.”

2023 च्या नोव्हेंबरात आलेल्या मात्रांच्या रेघा मात्र माझ्या काही कामाच्या नाहीत. सेकंदांऐवजी ठोके आणि आवर्तनं दाखवतात, सुरुवातीला 120 ची लय आणि चाराचा हिशेब. जाहिरातीच्या गाण्याला ठीक. खंजिरी भजन धिम्या लयीत उठतं आणि शेवटच्या कडव्याला घोड्यावर बसतं. ते त्या चौकटीत बसवायला गेलं तर भजन मरतं. काकांना त्या रेघा दाखवल्या तर म्हणाले, “हे शेताचे धुरे हायत काय?” मी त्या बंद करून ठेवल्यात.

गंमत म्हणजे काकांचा नातू सरळ नव्यावरच शिकला. पंधरा दिवसांत पोट्टं माझ्यापेक्षा जलद काम करतं. माझं बोट अजून आधी एफ-5 वर जातं, काही होत नाही, मग माउस वरच्या पट्टीकडे. परवा त्याने भिंतीवरचा पुठ्ठा पाहून मला विचारलं, “काका, हे सरकवणे म्हणजे काय?” त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, “मग काढून टाकू काय हा पुठ्ठा?”

मी म्हटलं राहू दे. तसाही यंदाच्या कापसाचा ढीग अर्ध्या पुठ्ठ्यापर्यंत चढलाय. एफ-1 ची ओळ दिसते, खालची कापसात गेली.