अंगठा लागत नाही

"ताई, अंगठा पुसून परत लावा."

रेशन दुकानात आज चौथ्यांदा हेच ऐकलं. अंगठ्याच्या रेषांवरून आडवी भेग गेलीये, सालं निघालीयेत. ठसा उमटणार कुठून?

मागे उभ्या काकूंनी माझा हात पाहिला आणि पिशवी जवळ ओढली. "गजकर्ण आहे का गं? पसरतं ते."

गजकर्ण नाही काकू, एक्झिमा आहे. एकाचा दुसऱ्याला होत नाही. शांतपणेच सांगितलं, पण ती जवळ ओढलेली पिशवी डोळ्यांसमोरून जाईना.

तीन वर्षं झाली. भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, लसूण सोलणं. अंगठीखाली साबण अडकतो आणि खाज तिथूनच सुरू होते, हे कळायलाच दोन वर्षं गेली. आता अंगठी डबीत. भांडी घासताना आत सुती हातमोजे, वर रबराचे. हात धुतले की ओलसर असतानाच व्हॅसलीन. स्टिरॉइडचं मलम डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस. कातडी वरून बरी दिसली तरी आतून सावरायला महिने लागतात. बरं वाटलं म्हणून मी दोनदा मोजे सोडले, दोन्ही वेळा भेगा परत आल्या.

शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. तांदूळ मिळाले.

घरी आले तर मावशी भांडी घासत होत्या. त्या रोज पाच घरची भांडी घासतात, उघड्या हातांनी. त्यांचा अंगठा लागत असेल का मशीनला? इतक्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं.