हिप्परग्याचा तलाव आणि आमचे भूगोलाचे सर

शाळेच्या स्मरणिकेत सगळेच छड्या आणि मधल्या सुट्टीतले पेरू लिहिणार हे मला माहितीये, म्हणून मी आपल्या सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर लिहितोय. तो शाळेतच कळला, आणि नंतर माझं पोटही थोडंफार त्याच्यावरच चाललं.

आमचे भूगोलाचे सर कोयना, भाक्रा-नांगल सगळं नकाशात दाखवून झालं की विचारायचे, आता आपलं घरचं धरण कुठाय सांगा रे? वर्ग गप्प. मग एका रविवारी सायकलींवर तुळजापूर रोडनं घेऊन गेले आणि बांधावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. दोन किलोमीटरच्या वर लांबी, उंची एकवीस मीटरच्या आसपास, सगळं मातीचं काम, पाण्याच्या अंगाला दगडांचं पिचिंग, म्हणजे दगड लावून केलेलं अस्तर. आदिला नदी अडवून इंग्रजांनी 1871 साली पुरं केलं, कागदावर नाव एकरुख, पण सोलापुरात एकरुख म्हणलं तर रिक्षावाला थांबून बघत राहतो.

बांधला होता शेतीसाठी, कारण इकडं पाऊस म्हणजे आला तर आला. कालवे काढले, पण थोड्याच वर्षात शहराचीच तहान त्याच्यावर आली. 1877 ला जुनी मिल ही कापडगिरणी सुरू झाली, मग बाकीच्या गिरण्या, गावोगावचे लोक येऊन राहिले, आणि विहिरी-आडांवर एवढं गाव भागणार कसं? मग तलावाचं पाणी पंपानं शहरात आणलं. आमची आजी गिरणीत होती, ती नळाच्या पाण्याला शेवटपर्यंत हिप्परग्याचंच पाणी म्हणायची, मग ते कुठलंही असू दे.

1980 ला उजनी धरण झालं, पुढं तिथून पाइपलाइन आली आणि हिप्परगा एकदम धाकटा झाला. तरी पाणी चार-पाच दिवसाआडच, हे आपल्याला लई बोलायला नको. तेव्हापासून तलावाची आठवण दोनदाच येते बघा, आटला की आणि सांडव्यावरून पाणी पडलं की.

माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे, म्हणून मला तो वर्षभर दिसतो. जानेवारीनंतर पाणी मागं सरकायला लागलं की काठचे शेतकरी मोटार आणि पाइप घेऊन त्याच्या मागं मागं उतरतात, वायर जोडत जोडत एवढी लांब जाते की शेवटी व्होल्टेजच मिळत नाही आणि मोटार जळते. ती उघडली की इंपेलरमध्ये, म्हणजे पंपाच्या फिरत्या पात्यांत, काळा मऊ गाळ घट्ट बसलेला, बोटानं काढला की नखात चार दिवस राहतो, वाइंडिंगची तांब्याची तार काळी पडलेली आणि जळक्या व्हार्निशचा वास. गिऱ्हाईक म्हणतंय संध्याकाळपर्यंत द्या, पीक वाळतंय. पाणी सरकलेल्या त्या ओल्या जमिनीत गाळपेर करतात, खत न टाकता जोंधळा डोक्याएवढा येतो. हाच गाळ बाहेर माळावर टाकला तर सोनं आणि आत राहिला तर तेवढं पाणी कमी, त्यामुळं काढायचा कुणी आणि कधी ह्याची भांडणं दर उन्हाळ्यात. माझं मत विचाराल तर दीडशे वर्षांचा गाळ फोटोपुरता दोन ट्रॅक्टर काढून संपत नसतोय.

बाकी उपयोग वाढतच गेलेत. मासेमारी आहे, हिवाळ्यात पट्टकादंब हंस येतात, तर पोरं कॅमेरे घेऊन पहाटे हजर. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणारे ह्याच रस्त्यानं जातात. आणि आता गंमत म्हणजे ज्या उजनीनं ह्याला मागं टाकलं तिचंच पाणी कालव्यातून ह्याच्यात आणायचं आणि इथून उचलून अक्कलकोटकडं न्यायचं, अशी एकरुख उपसा सिंचन योजना. म्हणजे जुना तलाव आता मधलं स्टेशन झालाय, आणि मला विचाराल तर वाईट काही नाही, गाडी थांबते तरी. सर असते तर फळ्यावर लगेच बाण काढून दाखवले असते.

आत्ताच्या मुख्याध्यापकांना एक विनंती, नववीची सहल दरवेळी वॉटर पार्कलाच कशाला, पाटबंधारे खात्याची परवानगी काढून एकदा बांधावर न्या. सायकली आता कुणी पाठवणार नाही, टेम्पोचं भाडं आमची बॅच देईल, ग्रुपवर बोलणं झालंय.