नोंद ७: स्क्वॉकचा घोळ सुटला

काल रात्री व्हॅटसिमवर (खरी माणसं कंट्रोलर होतात असं ऑनलाइन फ्लाइट सिम्युलेशनचं नेटवर्क) मुंबईहून दाबोळीला निघालो आणि डिलिव्हरीच्या, म्हणजे मार्गाचा क्लिअरन्स (परवानगी) देणाऱ्या कंट्रोलरकडून पहिल्याच फटक्यात "रीडबॅक करेक्ट", म्हणजे सूचना बरोबर परत म्हटल्या, असं ऐकायला मिळालं. गेल्या तीन नोंदी मी याच दोन शब्दांसाठी झुरत होतो.

मार्ग, एसआयडी (विमानतळावरून बाहेर पडायची ठरलेली वाट), उंची सगळं नीट परत म्हणायचो. गाडी अडायची ती स्क्वॉकवर, म्हणजे रडारवर विमान ओळखू यावं म्हणून मिळणाऱ्या चार अंकी कोडवर. गेल्या रविवारचं रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं. कंट्रोलर म्हणतोय "टू सेव्हन वन फोर" आणि मी म्हणतोय "सेव्हन टू फोर वन". कागद शोधून काढला, तर त्यावर २७१४ अगदी बरोबर लिहिलेलं! म्हणजे कान ठीक, हातही ठीक. वाचताना मी मनात "सत्तावीस, चौदा" म्हणत होतो. मराठीत एकक आधी येतो: सत्तावीसचा सात, चौदाचा चार. तोच क्रम तोंडातून इंग्रजीत बाहेर पडायचा. रेडिओवर प्रत्येक अंक सुटा का बोलतात, ते आता हाडात उतरलं.

आता क्लिअरन्सच्या कागदावर चार चौकोन आधीच आखून ठेवतो. एका चौकोनात एकच अंक, वाचताना त्याखाली पेन्सिलचं टोक. जोड्या लागतच नाहीत. शिवाय स्क्वॉकमध्ये ० ते ७ एवढेच अंक असतात, त्यामुळे ८ किंवा ९ लिहिला गेला तर लगेच "से अगेन", पुन्हा सांगा.

पुढे ग्राउंडच्या कंट्रोलरने पुशबॅकची (विमान मागे ढकलायची) परवानगी दिली, मग टॅक्सीची (धावपट्टीपर्यंत जायची). "होल्ड शॉर्ट रनवे २७" (धावपट्टीच्या अलीकडे थांबा) पूर्ण परत म्हटलं. तिथे नुसतं "रॉजर" चालत नाही. टॉवरला "रेडी फॉर डिपार्चर" कळवलं. "टेकऑफ" हा शब्द टॉवरने परवानगी देईपर्यंत आपण उच्चारायचाच नाही. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफला मार्गाचा क्लिअरन्स मिळाला होता, उड्डाणाचा नव्हता. तरी विमान धावलं, धावपट्टीवरच्या दुसऱ्या विमानावर आदळलं आणि ५८३ माणसं गेली. ते वाचल्यापासून हा नियम माझ्याकडून एकदाही मोडलेला नाही.

पीटीटी (बोलताना दाबून धरायचं बटण) कीबोर्डवरून काढून जॉयस्टिकच्या ट्रिगरवर घेतलंय. बटण दाबून क्षणभर थांबून बोललं की कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) तुटत नाही. महागडा हेडसेट घेण्याआधी हे करून बघा.

पुढच्या वेळी दाबोळीचं लँडिंग घोटायचं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता वाटलं, क्यूएनएचमध्येही (उंचीमापकात भरायचा हवेच्या दाबाचा आकडा) माझी हीच चूक होत असणार. जुनी रेकॉर्डिंग्ज आधी तपासतो, लँडिंग नंतर.